नायिकेला नोकरी कधी लागते?

दर महिला दिनाच्या आसपास कुठे ना कुठे एक लेख हमखास येतो, की मराठी मालिकांमधली बाई आता बदलली, आधी ती नुसती रडायची आता लढते, स्वतःच्या पायावर उभी राहते वगैरे, आणि सोबत राधिका, अरुंधती, आसावरी या गाजलेल्या मालिकांच्या नायिकांचे फोटो. वाचून मला दरवेळी वाटतं की लिहिणाऱ्याने १९९९ ची आभाळमाया मालिका एकतर बघितलेली नाही किंवा बघून विसरलाय. कारण ही काही सरळ वर चढत गेलेली रेघ नाहीये. मधेच खाली आलीये, मग थोडी वर, मग परत तिथेच गोल गोल.

मी स्वतः अट्टल मालिका बघणारी आहे, हे आधीच सांगते. नावं ठेवत ठेवत बघते पण बघते. आणि हल्ली नवीन मालिका सुरू झाली की मी एकच गोष्ट बघते, नायिकेला नोकरी कधी लागते? म्हणजे पहिल्या एपिसोडलाच ती कामावर जाणारी बाई आहे, का नवऱ्याने फसवलं, सासूने हाकललं, सगळ्यांनी अपमान केला आणि मग त्याची भरपाई म्हणून तिला काम मिळतं? या एका प्रश्नावर बऱ्याच मालिका उघड्या पडतात.

आता थोडं मागे जाऊ. रजनी आठवते का, १९८५ ची, दूरदर्शनवर? बासू चॅटर्जींचं दिग्दर्शन आणि प्रिया तेंडुलकर. हिंदी मालिका, पण मुंबईची आणि बाई आपली, त्यामुळे मराठी घरांनी ती आपलीच मानली. रजनीला नोकरी नव्हती बरं का. साधी गृहिणी, साडी, टिकली, पर्स. पण ती घरात बसून सासूशी भांडत नव्हती, ती गॅस सिलिंडरवाल्याशी भांडत होती, टॅक्सीवाल्याशी भांडत होती, शाळेत जाऊन जाब विचारत होती. टॅक्सीच्या एपिसोडनंतर तर खऱ्या टॅक्सीवाल्यांनी निषेध केला होता. म्हणजे बाई गृहिणी पण कॅमेरा घराबाहेर. आज बरोबर उलटं झालंय, बाई कंपनीची मालकीण असते आणि कॅमेरा तिच्या दिवाणखान्यात ठाण मांडून बसलेला असतो.

मग १९८९ ला उडान. कविता चौधरींनी लिहिली, दिग्दर्शित केली आणि कल्याणी सिंगचं काम पण त्यांनीच केलं. त्यांच्या सख्ख्या बहिणीवरून, कांचन चौधरी भट्टाचार्य आयपीएस, ज्या पुढे उत्तराखंडच्या म्हणजे देशातल्याच पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. आमच्या आईच्या वयाच्या कित्येक बायका अजून सांगतात की उडान बघून आम्ही एमपीएससीचे फॉर्म आणले होते. भरले किती जणींनी ते विचारू नका.

आणि मराठीत दामिनी. दुपारची वेळ, सह्याद्री, प्रतीक्षा लोणकर. बाई पत्रकार. म्हणजे मराठीतल्या पहिल्या डेली सोपची नायिका बातमीच्या मागे फिरणारी होती, हे आजच्या पोरींना सांगितलं तर खरं वाटत नाही.

पण मला खरं बोलायचंय ते आभाळमायाबद्दल. अल्फा मराठी नुकतंच सुरू झालेलं, अजून झी मराठी नाव यायचं होतं, विनय आपटेंचं दिग्दर्शन, सुकन्या कुलकर्णी सुधा जोशी आणि मनोज जोशी शरद. सुधा प्राध्यापक. आणि यात काही विशेष आहे असं मालिकेत कुणालाच वाटत नाही हीच गंमत आहे! तिच्या नोकरीवर टाळ्या नाहीत, बॅकग्राउंडला शंखनाद नाही, स्लो मोशनमध्ये पदर खोचणं नाही. ती कॉलेजला जाते, शिकवते, घरी येते, मुलींचं बघते, कारण त्या काळात ठाणे-डोंबिवली-पुण्यातल्या ढीगभर बायका हेच करत होत्या. बँकेत, एलआयसीत, शाळेत, टेलिफोन खात्यात. नवरा दुसऱ्या बाईत गुंततो तेव्हा सुधा तुटते, पण रस्त्यावर येत नाही कारण तिचा पगार तिच्या हातात आहे. त्यामुळे पुढचा सगळा प्रश्न "आता हिचं कसं होणार" असा उरतच नाही, तो होतो "आता या नात्याचं काय करायचं". आणि हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा किती तरी अवघड आहे, किती तरी मोठ्या माणसांचा आहे. तिचा राग, तिचं गप्प बसणं, त्या शरदचा पण एक माणूस म्हणून विचार, हे सगळं शक्य झालं कारण तिच्या पोटापाण्याची काळजी लेखकाला नव्हती.

त्याच काळात प्रतिमा कुलकर्णींचा प्रपंच. मग वादळवाट आली, त्यातली रमा चौधरी, आदिती सारंगधर. ही पण बाहेर वावरणारी पोरगी. म्हणजे २००० च्या आगेमागे आपल्याकडे हे चालू होतं, कुणी त्याला क्रांती वगैरे म्हणत नव्हतं.

मग काय झालं? सोपं उत्तर म्हणजे एकता कपूर. २००० मध्ये हिंदीत सास-बहू आली आणि सगळ्यांनी तीच वाट धरली, असं म्हणून मोकळं व्हायचं. अर्धं खरं आहे. ईटीव्ही मराठीवर चार दिवस सासूचे २००१ ला सुरू झाली ती २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांहून जास्त एपिसोड, आणि त्यात रोहिणी हट्टंगडींसारखी अभिनेत्री आशालता देशमुख म्हणून दागिने घालून जिन्यावरून उतरत राहिली. पण मला वाटतं दुसरं कारण जास्त साधं आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही, ते म्हणजे सेट. आठवड्याला सहा एपिसोड द्यायचे असतील, आधी शूट करून ठेवलेले एपिसोड हाताशी नसतील, गुरुवारी टीआरपी आला की ट्रॅक बदलायचा असेल, तर जे कायम उभं आहे तिथेच शूट होणार ना. दिवाणखाना, स्वयंपाकघर, देवघर, जिना, दोन बेडरूम. कॉलेज दाखवायचं तर लोकेशन हवं, परवानगी हवी, बाकावर बसायला पोरं हवीत. म्हणून मग नायिकेचं ऑफिस म्हणजे एक काचेची केबिन आणि मागे एक झाडाची कुंडी, आणि तिथे पण ती घरचंच बोलते. कारण जे महत्त्वाचं घडायचं ते घरात घडणार हे आधीच ठरलेलं आहे. आणि घरात रोज अर्धा तास काही तरी घडायला पाहिजे म्हटल्यावर भांडण कुणाशी होणार? गॅसवाल्याशी थोडंच होणार, सासूशी आणि जावेशीच होणार.

होणार सून मी ह्या घरची, २०१३. जान्हवी बँकेत होती हो, आठवतंय का तरी? लोकांना सहा सासवा आठवतात, गोखले गृहउद्योग आठवतो, तिचं ते न संपणारं गरोदरपण आठवतं ज्यावर अख्ख्या महाराष्ट्राने व्हॉट्सॅपवर जोक केले. बँक कुणाला आठवत नाही.

आता राधिका. माझ्या नवऱ्याची बायको, २०१६ ते २०२१. अनिता दाते मूळची नाशिकची पण नागपूरची राधिका सुभेदार म्हणून अशी काही उभी राहिली की बोलायची सोय नाही (माझी अमरावतीची मैत्रीण त्या वऱ्हाडीवर नाक मुरडायची, पण एपिसोड चुकवायची नाही). सुरुवात मला मनापासून आवडली होती. नवरा गुरुनाथ मोठ्या पगाराचा, याला बायकोची भाषा, तिची वेणी, तिचे डबे, सगळ्याची लाज वाटते, आणि ऑफिसात शनाया. हे कितीतरी घरांत आहे, नुसतं अफेअर नाही, ती लाज. त्यावर आधी कुणी मालिका केली नव्हती. पण मग राधिका उभी राहते ती कशी, तर मसाले करून. आणि मसाल्याचा धंदा बघता बघता ३०० कोटींचा! लोकांनी त्या ३०० कोटींवर इतकी चेष्टा केली की शेवटी तीच मालिकेची ओळख झाली. मला चेष्टेपेक्षा वेगळाच प्रश्न पडलेला. गृहउद्योग करणाऱ्या बाया आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत, बचत गटाच्या आहेत, पापड-लोणच्याच्या आहेत. त्यांना खाद्यपदार्थ विकायला लागणारं एफएसएसएआयचं लायसन कसं काढायचं, दुकानदार उधारी कधी देणार, पॅकिंगला किती जातात, जीएसटी कोण भरणार, हीच रोजची मारामारी असते. त्यात नाट्य नाही असं कोण म्हणतं? पण मालिकेत हे सगळं दोन-चार सीनमध्ये उरकलं आणि परत गुरुनाथ-शनाया-राधिका, फक्त आता राधिका केबिनमध्ये बसून त्यांना धडा शिकवणार. पैसा आला, काम दिसलंच नाही.

शनायाकडे बघा आता. गुरुनाथच्या ऑफिसात नोकरी, स्वयंपाक येत नाही, कपडे मॉडर्न, म्हणजे वाईट. आई कुठे काय करते मधली संजना बघा, करिअर करणारी, म्हणून संसार मोडणारी. म्हणजे पहिल्या एपिसोडपासून जी बाई कमावते ती खलनायिका आणि जी घरात आहे ती नायिका, आणि नायिकेला कमवायचा हक्क मिळतो तो भरपूर सोसून झाल्यावर. नोकरी हे बक्षीस. सुधा जोशीला ते बक्षीस म्हणून मिळालं नव्हतं, तिच्याकडे ते होतंच, आपल्या आयांकडे होतं तसं.

अरुंधतीवर मात्र मी एवढ्या सहज टीका करणार नाही. २०१९ च्या डिसेंबरात स्टार प्रवाहवर आई कुठे काय करते सुरू झाली, मधुराणी प्रभुलकर, आणि पहिलं वर्ष दीड वर्ष ही मालिका कमाल होती. संवाद मुग्धा गोडबोलेंचे, कुठेही भाषणबाजी नाही. पंचवीस वर्षं संसार केलेली बाई, नवरा अनिरुद्ध, सासू कांचन जिला मुलाचं सगळंच बरोबर वाटतं, सासरे आप्पा सुनेच्या बाजूने, आणि मुलं! मुलांचा तो सहजपणा, आईला काही कळत नाही असं धरून चालणं, ते इतकं ओळखीचं होतं की आमच्याकडे मालिका चालू असताना माझा भाऊ उठून आत जायचा.

ही गोष्ट मूळची बंगाली आहे, लीना गंगोपाध्याय यांची श्रीमयी, स्टार जलशावरची. मराठीत अरुंधती, हिंदीत २०२० ला अनुपमा, तमिळमध्ये बाक्यलक्ष्मी, तेलुगूत गृहलक्ष्मी, मल्याळममध्ये कुडुंबविळक्कु, कन्नडमध्ये पण आहे. एकच बाई एवढ्या भाषांत! आणि बऱ्याच ठिकाणी टॉपला किंवा टॉपच्या जवळ. याचा अर्थ आपल्या देशात संध्याकाळी टीव्हीसमोर बसलेल्या चाळीशी-पन्नाशीच्या बाईला हे दुखणं आपलं वाटलं, मग ती कोलकात्याची असो की कोपरगावची. याला मी तरी मालिकावाल्यांची चलाखी म्हणून सोडून देणार नाही. आईशी माझं यावरून फोनवर जोरदार भांडण झालं होतं. मी म्हटलं, अगं घटस्फोट झाला तरी ही बया परत परत त्याच समृद्धी बंगल्यात काय करतेय, सगळ्यांची दुखणी काढायला? आई म्हणाली, "तुला नाही कळायचं, नवरा सोडता येतो गं, घर कसं सोडायचं? पंचवीस वर्षं ते घर तिनेच केलंय ना, त्याने केलंय का?" मला उत्तर सुचलं नाही. खरंच नाही सुचलं. त्या घरावर तिचा हक्क आहे असं आईचं म्हणणं होतं आणि मी त्याला तिची गुलामी समजत होते. मालिकेने खरं तर हाच धागा धरायला हवा होता, घर कुणाचं, कायद्याने कुणाचं, कष्टाने कुणाचं. थोडा धरला पण होता. पण मग चॅनेलला लांबवायची होती.

आणि लांबवली की जे होतं ते झालं. अरुंधतीचं गाणं, जुना मित्र आशुतोष, मग २०२३ मध्ये त्याच्याशी लग्न. पन्नाशीजवळच्या, तीन मोठी मुलं असलेल्या बाईचं प्राइम टाइमला दुसरं लग्न, यात नुसती दया नाही तर चक्क प्रेम! मी खूष होते. आणि मग लीप, म्हणजे गोष्ट एकदम काळात पुढे, आणि आशुतोषला अपघातात मारलं, आणि मालिका दुपारी अडीचला. म्हणजे सुखी झालेल्या बाईचं करायचं काय हे लेखकांना सुचेना, तेव्हा तिला परत दुःखात ढकलली. संजनाचं काय झालं ते त्याहून बघण्यासारखं होतं, जी बाई आधी ऑफिसातली होती ती त्या घरात सून म्हणून आली आणि हळूहळू तिला तेच सगळं ऐकून घ्यावं लागलं जे अरुंधतीला लागायचं. तोच अनिरुद्ध, तीच कांचन. रुपाली भोसलेने काम पण भारी केलंय. माझ्या मते अख्ख्या मालिकेतली सगळ्यात खरी गोष्ट तीच होती आणि तिला पुरेशी जागाच दिली नाही.

अग्गंबाई सासूबाईचं दुःख वेगळंच. २०१९, निवेदिता सराफ, गिरीश ओक, तेजश्री प्रधान. विधवा सासूचं लग्न सून लावून देते. सासू-सुनेची मैत्री हा मराठी टीव्हीवर दुर्मिळच माल, त्यात आजोबांच्या भूमिकेतले रवी पटवर्धन, आधी कडाडून विरोध आणि मग सुनेच्या पाठीशी. आणि बबड्या! आईने लाडावून वाया घालवलेला पोरगा, आता कोणत्याही घरात असा मुलगा असला की त्याला बबड्याच म्हणतात. बाईवर अन्याय करणारा माणूस बाईनेच घडवलाय हे इतकं हसत हसत कुठल्या मालिकेने सांगितलं होतं? ती सून शुभ्रा तर मला त्या दशकातली सगळ्यात आवडती नायिका होती, डोकं शाबूत असलेली, स्पष्ट बोलणारी.

मग २०२१ मध्ये अग्गंबाई सूनबाई. नाव तेच ठेवून पुढचा भाग. कलाकार बदलले, ते समजू शकतं. पण शुभ्राच बदलली! ती धडाडीची मुलगी एकदम घरात मूल सांभाळणारी, घाबरीघुबरी, आत्मविश्वास गेलेली बाई, नवरा बाहेर सुझॅनच्या मागे, आणि आता आसावरी, म्हणजे ती सासू, कंपनीची मालकीण होऊन सुनेला उभं करणार. म्हणजे एक बाई वर आणायची तर दुसरीला खाली दाबलंच पाहिजे, दोघी एकाच वेळी शहाण्या राहिल्या तर मालिका चालणार कशी! मूल झाल्यावर बाईचा आत्मविश्वास जातो हे खरं आहे, माझा गेला होता, त्यावर चांगली मालिका होऊ शकते. पण मग तो कसा जातो ते दाखवा ना. इथे तो दोन मालिकांच्या मधल्या सुट्टीत गेला.

रूपाबद्दल थोडंसं. रंग माझा वेगळा मध्ये सावळ्या मुलीची गोष्ट सांगायला गोऱ्या रेश्मा शिंदेला काळा मेकअप केला. वर्षानुवर्षं, रोज. महाराष्ट्रात सावळ्या मुलींचा तुटवडा आहे का काय? याउलट सुंदरा मनामध्ये भरली मधली अक्षया नाईक आणि येऊ कशी तशी मी नांदायला मधली अन्विता फलटणकर, दोघी खरोखर तशाच अंगाच्या, ते बघायला बरं वाटलं, जरी गोष्ट शेवटी "हिचं लग्न कसं होणार"वरच फिरली तरी.

आणि एक गोष्ट मला टोचते ती सांगतेच. २०१२ मध्ये झी मराठीवर उंच माझा झोका आली, रमाबाई रानडे, नवऱ्याने शिकवलेली, नवऱ्याच्या सावलीत उंच झालेली. घराघरात बघितली, मी पण, छोटी रमा तर सगळ्यांची लाडकी. २०२० मध्ये सोनी मराठीवर सावित्रीजोती आली. अश्विनी कासार आणि ओंकार गोवर्धन, मागे हरी नरकेंसारखा अभ्यासक. सावित्रीबाई फुल्यांवर, ज्यांच्यामुळे आपण सगळ्या लिहितो-वाचतोय, त्यांच्यावरची मालिका वर्षाच्या आत टीआरपी नाही म्हणून बंद. चॅनेलची पोच कमी होती, मधे लॉकडाऊनने शूटिंग थांबलं होतं, सगळं मान्य. तरी पण. आपल्याला बाई शिकताना बघायला आवडते पण ती माजघरात शिकली पाहिजे, रस्त्यावर शेणाचे गोळे झेलत दुसऱ्यांना शिकवायला निघाली की रिमोट हातात येतो, असं मला वाटतं. कुणाला राग आला तर येऊ दे.

हल्ली काय चाललंय? झीवर २०२४ ला शिवा आली, गॅरेजमध्ये काम करणारी पोरगी, पूर्वा कौशिक. प्रोमो बघून मी उडालेच होते, की चला, हातात पाना घेतलेली नायिका, पहिल्याच एपिसोडला कामावर! पुढे तिचं लग्न आणि सासर आलंच, ते येणारच. पण निदान सुरुवात तिथून केली एवढं तरी मान्य करायला हवं.

आई म्हणते तुला एवढी खाज आहे तर तूच लिही मालिका. मी लिहिली तर एसटीची कंडक्टर घेईन. पहाटेची पहिली गाडी, सुट्ट्या पैशांची बोंब, डेपोत बायकांसाठी धड बाथरूम नाही, मुक्कामी ड्युटी लागली की घरी लेकरांचं कोण बघणार, आणि सासू घरात आहे पण ती खलनायिका नाही, तीच लेकरं बघते आणि वर महिन्याला हक्काने पैसे मागते. रोजचे प्रवासी आहेत म्हणजे पात्रांचा तुटवडा नाही, बस एकदा भाड्याने घेतली की सेट पण झाला. आईला सांगितलं तर म्हणाली, "बघेन की मी. पण आठच्या आत ठेव, नंतर ‘ठरलं तर मग’ मालिका असते."